श्वानाचा आक्रोश आणि आपला न्याय

रात्रीच्या नीरव वेळी घरच्या कुत्र्याने मान उंचावून गळा काढला की वडीलधाऱ्यांच्या मनात शंकेची पाल चुकचुकते. घरी कोणी आजारी असल्यास तर विचारावयासच नको. मग त्या मुक्या प्राण्यास दटावण्यात येते, प्रसंगी काठीही बसते. हा दंड कोणत्या अपराधाबद्दल, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. तो आम्ही आज वाचकांपुढे मांडीत आहो.

या समजुतीचे मूळ फार प्राचीन असावे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात यमाच्या दोन श्वानांचे वर्णन आहे. ते सरमेचे पुत्र, चार डोळ्यांचे, परलोकाच्या मार्गाचे रक्षक. पुढे सहाव्या शतकात वराहमिहिराने बृहत्संहितेत श्वानशकुनांस स्वतंत्र अध्यायच दिला. तथापि त्यात शुभ आणि अशुभ असे दोन्ही शकुन आहेत; लोकस्मृतीने बहुधा अशुभ तेवढेच जपले. त्याच दहाव्या मंडलात सरमा ही इंद्राची दूती होऊन पणींनी लपविलेल्या गाईंच्या शोधार्थ जाते, हे आपण विसरलो. दत्तात्रेयांच्या पायाशी चार श्वान आणि खंडोबाच्या सन्निध कुत्रा पाहून हात जोडणारे आपणच, दारातल्या कुत्र्याला मात्र यमदूत ठरवितो.

आता साक्षीपुरावा पाहू. कुत्रा हा लांडग्याच्या कुळातला. जर्मनीतील ओबरकासेल येथे 1914 मध्ये एक स्त्री व एक पुरुष यांच्यासमवेत पुरलेला कुत्रा सापडला. ते दफन सुमारे 14,000 वर्षांपूर्वीचे आहे. इतक्या दीर्घ सहवासानंतरही रानातली हाक त्याच्या कंठातून गेलेली नाही. लांडगा दूरच्या सोबत्यांस आपला ठाव कळविण्यासाठी हेल काढतो. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रियातील एका अभ्यासात कळपातील एकेक लांडगा बाहेर फिरावयास नेला असता, तो जितका जवळचा सोबती, तितके मागे राहिलेले अधिक रडले. 2023 मध्ये बुडापेस्ट येथील संशोधकांनी 68 पाळीव कुत्र्यांस लांडग्यांचे हेल ऐकविले. लांडग्यांशी निकट नाते असलेल्या प्राचीन जातींचे कुत्रे, त्यातही पाच वर्षांवरील, हेल काढूनच उत्तर देत. अर्वाचीन जातींचे बहुधा भुंकत.

देवळात आरतीच्या वेळी शंख फुंकला किंवा सनईचा सूर लांबला की बाहेरचा कुत्रा सुरात सूर मिसळतो, हे आपल्या नित्याच्या पाहण्यातले आहे. त्या वेळी कोणी अपशकुन मानीत नाही. लांबलेला एकसंध सूर त्यास जातभाईच्या हाकेसारखा भासत असावा, आणि हाकेला ओ देणे हा त्याचा कुळाचार.

मग आजाऱ्याच्या घरी तो का रडतो? धनी अंथरुणाला खिळलेला किंवा इस्पितळात, रात्रभर दिवे जळताहेत, अनोळखी माणसांची ये-जा, जेवणाची वेळ चुकलेली. अशा वेळी त्याने दुरावलेल्या धन्यास हाक मारली तर नवल ते काय? पुढे अनिष्ट घडले की रडणे ध्यानात राहते. रोगी बरा झाला की ते विस्मरणात जाते. आपल्या शास्त्रकारांनी यासच काकतालीय न्याय म्हटले आहे. कावळा बसला म्हणून ताडफळ पडले असे नव्हे. कधी कधी त्या रडण्यामागे प्राण्याचे स्वतःचे दुखणे किंवा एकटेपण असते. तेव्हा काठी शोधण्यापूर्वी त्याची विचारपूस करणे उचित.

कायद्याचे म्हणावे तर 1960 च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक अधिनियमान्वये प्राण्यास विनाकारण क्लेश होतील असे मारणे हा अपराध आहे. परंतु याहून जुना दाखला महाभारताच्या आदिपर्वात आहे. जनमेजयाच्या सत्रात आलेल्या सरमेच्या पुत्रास राजाच्या भावांनी मारले. तो रडत आईकडे गेला. आईने आधी त्याचीच उलटतपासणी केली : काही आगळीक केलीस का? त्याने हविर्द्रव्यास तोंड लावले नव्हते, त्याकडे पाहिलेही नव्हते. तेव्हा ती यज्ञमंडपात गेली आणि निरपराध्यास का मारले, असे तिने विचारले. कोणापाशीही उत्तर नव्हते. मग तिने राजास अकल्पित भयाचा शाप दिला. रडणाऱ्या कुत्र्यामुळे अनर्थ ओढवतो असे ज्यांस वाटते, त्यांनी ही कथा नीट वाचावी. अनर्थ तेथे आला तो रडण्याने नव्हे, अन्यायाने आला.