लखोबा, अप्पासाहेब आणि बाँड : भूमिका एका नटाची असते का?

१/ ५ ऑक्टोबर १९६२ रोजी लंडनमध्ये ‘डॉ. नो’ हा जेम्स बाँड मालिकेतील पहिला चित्रपट झळकला. तीनच दिवसांनी, ८ ऑक्टोबरला, दिल्लीत आचार्य अत्रे यांच्या ‘तो मी नव्हेच’चा पहिला प्रयोग झाला. जवळजवळ एकाच वेळी जन्मलेल्या या दोन भूमिकांचे भवितव्य मात्र भिन्न ठरले.

२/ शॉन कॉनरी यांनी पाच चित्रपटांनंतर बाँड सोडला. १९६९ मध्ये जॉर्ज लॅझेन्बी आले, १९७१ मध्ये कॉनरी एकदा परतले आणि १९७३ मध्ये रॉजर मूर आले. २०२१ पर्यंत या मालिकेत सहा नट बाँड झाले. चेहरा लवकर बदलल्याने प्रेक्षकांना तुलनेची सवय जडली.

३/ इकडे लखोबा लोखंडे हा निपाणीचा तंबाखूचा व्यापारी नावे व वेष पालटून स्त्रियांना फसवतो. त्याची सारी सोंगे प्रभाकर पणशीकर एकटेच वठवीत. फिरत्या रंगमंचामुळे प्रवेश झपाट्याने बदलत आणि क्षणात पालटलेला नट पाहणे हेच नाटकाचे मोठे आकर्षण ठरले.

४/ पणशीकरांनी दोन हजारांहून अधिक प्रयोग केले. अनेक दशके लखोबा म्हणजे पणशीकर, हेच समीकरण राहिले. पुढे डॉ. गिरीश ओक यांनी ही भूमिका स्वीकारली, तेव्हा त्यांच्यासमोर संहितेइतकीच पणशीकरांची स्मृतीही उभी होती.

५/ आता ‘नटसम्राट’ पाहू. वि. वा. शिरवाडकरांचे हे नाटक डिसेंबर १९७० मध्ये रंगभूमीवर आले. दिग्दर्शक होते विदर्भाचे पुरुषोत्तम दारव्हेकर. अप्पासाहेब बेलवलकर प्रथम साकारले डॉ. श्रीराम लागू यांनी आणि तो अभिनय मापदंड ठरला.

६/ तरीही ही भूमिका त्यांच्यापाशी थांबली नाही. दत्ता भट, सतीश दुभाषी, चंद्रकांत गोखले, यशवंत दत्त अशा नटांनी ती पेलली. अप्पासाहेबांचे बळ स्वगतांच्या शब्दांत आहे; ते शब्द प्रत्येक नट आपल्या आवाजात नव्याने उभे करू शकतो.

७/ १ जानेवारी २०१६ रोजी महेश मांजरेकरांच्या चित्रपटात नाना पाटेकर अप्पासाहेब झाले. वाशीम, कारंजा, रिसोड अशा गावांत व्यावसायिक नाटकांचे दौरे क्वचितच पोहोचतात. तेथील तरुण प्रेक्षकांना अप्पासाहेब बहुधा याच रूपात प्रथम भेटले. त्यांच्यासाठी ‘मूळ’ नट कोण?

८/ भूमिका टिकण्यास पहिल्या नटाची थोरवी पुरेशी नसते. दुसऱ्याला जागा देणारी संहिता हवी आणि हस्तांतर वेळेत व्हायला हवे. ते लांबले, तर प्रेक्षक पात्राऐवजी गेलेल्या नटालाच शोधत राहतात आणि एखादे चांगले नाटक केवळ आठवणीपुरते उरण्याचा धोका संभवतो.