खांदेरीचा दिवा

आम्हां नाशिककरांना पाण्यावरचा दिवा म्हणजे रामकुंडात द्रोणातून सोडलेला. समुद्रातल्या दीपगृहाची उठाठेव आम्हांला कशाला, असे कोणी म्हणेल. पण २०२५ च्या जुलैत युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा मान दिला, तेव्हा आमच्या बागलाणातला साल्हेर आणि अलिबागेकडची खांदेरी एकाच पंगतीस बसली. शेजाऱ्याची विचारपूस करणे ओघानेच आले.

खांदेरी हे थळ गावासमोरचे इवलेसे बेट. (आमच्या कसारा घाटालाही थळ घाटच म्हणतात, हा एक योगायोग.) दक्षिणेकडून मुंबईत शिरणारे गलबत तेथून नजरेत येते. शिवाजीमहाराजांनी हे हेरले आणि १६७९ साली माय नाईक भंडाऱ्याला तेथे तट बांधावयास धाडले. मुंबईकर इंग्रजांचे धाबे दणाणले. सप्टेंबरात बेटावर उतरू पाहणारा त्यांचा लेफ्टनंट थॉर्प मारला गेला. ऑक्टोबरात ‘डव्ह’ हे जहाज मराठ्यांच्या हाती लागले. ‘रिव्हेंज’ मात्र मिंचिन आणि केग्विन यांनी शर्थीने झुंजवले, हेही सांगितलेच पाहिजे. मोठी जहाजे पहारा देत राहिली, तरी आपल्या उथळ होड्या रात्री त्यांच्यामधून निसटून बेटावर दाणागोटा पोचवीत. अखेर १६८० च्या आरंभी इंग्रजांनी नाद सोडला. त्याच सुमारास सिद्दीने शेजारच्या उंदेरीवर ठाणे मांडले आणि दोन बेटांची तोफांनी बोलाचाली सुरू झाली! पुढे १७१८ त, कान्होजी आंग्र्यांच्या काळी, गव्हर्नर बूनचाही हल्ला फसला.

दीपगृह उभे राहिले ते १८६७ साली. मराठेशाही केव्हाच मावळली होती. थळ घाटातून आगगाडी १८६५ त सुरू झाली, खानदेश-वऱ्हाडचा कापूस मुंबईच्या धक्क्यावर येऊ लागला, बंदरातली वर्दळ वाढली. किल्ल्याला राखणारे भोवतालचे खडक आता व्यापाऱ्यांच्या जिवावर उठणारे झाले. म्हणून सुमारे २५ मीटर उंचीचा अष्टकोनी मनोरा बांधला. ज्या बेटाने इंग्रजांची झोप उडविली, तेच त्यांच्या जहाजांना वाट दाखवू लागले.

शिवकालीन किल्ल्यात हा परका मनोरा कशाला, असे म्हणणारे भेटतात. मला ते पटत नाही. दिव्याला माणूस लागतो, माणसाला पाणी, शिधा आणि होडी लागते. त्या निमित्ताने खांदेरीवर राबता राहिला. उंदेरी पाहा: तेथे दिवा नाही, वस्ती नाही, नुसती झाडी माजली आहे. आता जहाजे उपग्रहांच्या आधाराने मार्ग काढतात, दिव्याची गरज ओसरत चालली आहे. मनोरा निरुपयोगी म्हणून दुर्लक्षिला गेला, तर खारा वारा त्याला आणि तटाला सारखाच खाईल. डागडुजीला निघणाऱ्यांनी दोहोंचा खर्च एकाच वहीत मांडावा.

बेटावर वेताळाचे देऊळ आहे, आणि आघात करताच धातूसारखा खणखणणारा एक मोठा खडकही. मनोऱ्याला कान्होजींचे नाव मिळाले आहे. कोळी मात्र आजही होडीतून येतात ते वेताळाच्या दर्शनाला.