शिसे-सुरक्षित घरदुरुस्तीचे प्रशिक्षण

जुन्या घराचा रंग खरवडताना, भिंत फोडताना किंवा खिडक्या बदलताना रंगातले शिसे धुळीवाटे मुलांच्या पोटात जाऊ नये, म्हणून कारागिरांना दिले जाणारे शिक्षण. अमेरिकेत ते कायद्याने सक्तीचे आहे. तिथल्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २००८ मध्ये केलेला नियम २२ एप्रिल २०१० पासून पूर्णपणे अमलात आला.

रंग टिकावा, चकाकावा आणि लवकर वाळावा म्हणून त्यात शिशाची संयुगे घालत. जुन्या रंगाऱ्यांचा सफेता म्हणजे शिशाचे कार्बोनेटच. त्यापासून मुलांना विषबाधा होते, हे ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेनचे डॉक्टर लॉकहार्ट गिब्सन यांनी १९०४ मध्येच लिहिले होते. व्हरांड्यांचे रंगवलेले कठडे हे त्यांनी कारण सांगितले. अमेरिकेने घरगुती रंगातील शिशावर बंदी घातली ती १९७८ मध्ये. मधल्या ७४ वर्षांत रंगवलेली लाखो घरे आजही वापरात आहेत, आणि नियम लागू होतो तो १९७८ पूर्वीच्या घरांना, तसेच लहान मुले नियमित जातात अशा बालवाड्या-पाळणाघरांना.

असा रंग भिंतीवर घट्ट बसलेला असेल तोवर धोका कमी असतो. तो जागा होतो दुरुस्तीने. कोरडा घासला की त्याची बारीक पूड जमिनीवर, खिडकीच्या खाचेत, खेळण्यांवर बसते. रांगते मूल हात टेकते आणि तोच हात तोंडात घालते. पोटात गेलेल्या शिशापैकी प्रौढांच्या चार ते पाच पट शिसे लहान मुलांचे शरीर शोषून घेते. ते मेंदूच्या वाढीवर आघात करते, हाडांत साठून राहते आणि बहुधा बाहेरून काही दिसत नाही. मुलांच्या रक्तातील शिशाची निरुपद्रवी म्हणता येईल अशी कोणतीही पातळी आढळलेली नाही. मेंदूची झालेली हानी औषधाने भरून येत नाही, म्हणून कारागिराचा हात शिकवणे हाच खरा उपचार.

मूळ पाठ्यक्रम आठ तासांचा असून त्यातले दोन तास प्रत्यक्ष हातांनी करायचे असतात. काम सुरू होण्यापूर्वी घरच्यांना माहितीपुस्तिका द्यायची, फलक लावायचा, सामान हलवायचे किंवा झाकायचे, दाराशी प्लॅस्टिकचा पडदा बांधायचा. आत कामाच्या जागेभोवती किमान सहा फूट आणि बाहेर दहा फूट जमीन प्लॅस्टिकने आच्छादायची. रंग ओला करूनच खरवडायचा. ज्योतीने जाळणे आणि धूळ ओढून घेणारी हेपा गाळणी नसलेले घासयंत्र चालवणे निषिद्ध आहे. खोलीत सहा चौरस फुटांपर्यंतच रंग हलणार असेल तर सूट मिळते. खिडकी बदलण्याला मात्र ती नाही, कारण खिडकीच्या चौकटीत धूळ सर्वांत जास्त साचते.

कामाची शेवटची परीक्षा फार साधी. साफसफाईनंतर जमीन आणि खिडकीची पट्टी ओल्या पांढऱ्या फडक्याने पुसतात आणि ते फडके ठरावीक छटेच्या कार्डाशी ताडून पाहतात. फडके कार्डापेक्षा मळकट निघाले तर पुन्हा सफाई. डोळ्यांना स्वच्छ दिसणारी खोली स्वच्छ असतेच असे नाही, हे या फडक्याइतके व्याख्यानाने पटत नाही. प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र पाच वर्षे चालते.

घरात सहा वर्षांखालील मूल किंवा गरोदर स्त्री नाही असे मालकाने लिहून दिले, तर सुरुवातीला सूट मिळत असे. ती २०१० मध्येच काढली, आणि ते योग्यच झाले. धूळ पुढच्या बिऱ्हाडाची वाट पाहत तिथेच राहते. स्वतःच्या राहत्या घरात स्वतः काम करणारा मालक अजूनही नियमाबाहेर आहे. ही मोठी उणीव होय, कारण घरच्या घरी रंग घासणाऱ्याच्या पायाशीच त्याचे मूल खेळत असते. नियम मोडल्यास दंड जबर असतो: होम डेपो या दुकानसाखळीने २०२० मध्ये दोन कोटी डॉलरहून अधिक दंड मान्य केला.

भारतात घरगुती रंगात शिसे दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त नसावे, हा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे. पण तो नव्या डब्यापुरता आहे. वाड्यांच्या दारांवर आणि चाळींच्या कठड्यांवर चढलेल्या ऑइलपेंटच्या जुन्या थरांना तो लागू होत नाही. तेव्हा जुन्या खिडक्या घासायला काढाल त्या आठवड्यात मुलांना आजोळी पाठवा, रंगाऱ्याला कोरडा पॉलिश पेपर लावू देऊ नका, आणि फरशी झाडण्याआधी ओल्या फडक्याने पुसून घ्या.