चैत्रातली कैरी, धर्मापुरीच्या मुलखातली

बीड जिल्ह्यातल्या धर्मापुरीचं नाव निघालं की केदारेश्वराचं मंदिर आठवतं. कल्याणीच्या चालुक्यांच्या काळातलं हे देऊळ, त्याच्या बाह्यभिंतीवरच्या सुरसुंदरी आणि गावचा किल्ला पाहायला अभ्यासक आवर्जून येतात. शिल्पं आणि शिलालेख यांच्याबद्दल पुष्कळ लिहिलं जातं. त्या काळातली माणसं उन्हाळ्यात काय खात असतील, हा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारत नाही.

खरं तर तो विचारायला चालुक्यांचंच घराणं सर्वांत सोयीचं. ह्याच घराण्यातल्या तिसऱ्या सोमेश्वराने 1129च्या सुमारास ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. त्याची राजधानी कल्याणी म्हणजे आजचं बिदर जिल्ह्यातलं बसवकल्याण, धर्मापुरीच्या आग्नेयेला. राज्यकारभार, हत्ती, रत्नं, संगीत अशा विषयांबरोबर ह्या राजाने स्वयंपाकालाही जागा दिली. डाळींचे पदार्थ, तळणी, पेयं, हिंग, हळद, आलं, मिरे सगळं त्यात येतं. नाही ती फक्त मिरची. असणार तरी कशी? ती तेव्हा समुद्रापलीकडे, अमेरिका खंडात होती.

म्हणजे केदारेश्वराचे दगड घडवणाऱ्या पाथरवटाने दुपारच्या सावलीत कैरी खाल्ली असेल, तर मिरचीच्या तिखटाशिवायच. पण आंबट कैरीला काहीतरी झणझणीत लावून खाण्याची आवड मिरचीमुळे आलेली नाही. सोळाव्या शतकातल्या ‘भावप्रकाश’ ह्या वैद्यकग्रंथात कैरीचं पन्हं आहे: कैरी उकडायची, कोळायची, साखर आणि गार पाणी घालायचं, वर कापूर आणि मिऱ्यांची पूड. त्याचं श्रेय ग्रंथकार थेट भीमसेनाला देतो! बल्लवाचार्याच्या नावावर पदार्थ खपवायची हौस जुनीच आहे, आणि पन्ह्याला असा जनक मिळाला ह्याचा आनंदच वाटतो.

पोर्तुगीज 1498 साली कालिकतला उतरले, 1510 साली त्यांनी गोवा घेतलं, आणि त्यांच्या जहाजांतून मिरची आली. तिने दख्खनच्या जेवणात जे केलं ते राजेरजवाड्यांना जमलं नव्हतं. मिरे मलबारातून यायचे, पैसे मोजून घ्यावे लागायचे. मिरची परसात उगवते, उन्हात वाळते, वर्षभर टिकते. गरिबाच्या भाकरीला तिखटाची चव तिने दिली. मीठ, तिखट आणि झाडाखाली पडलेली कैरी एवढ्यावर तोंडी लावणं होऊ लागलं ते त्यानंतरच.

चैत्रात ही कैरी वेगवेगळ्या बैठकींत वाटली जाते. एक चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाची. चैत्र शुद्ध तृतीयेला गौर झोपाळ्यात बसते ती अक्षय्य तृतीयेपर्यंत, आणि त्या महिन्यात सवाष्णींना बोलावून आंब्याची डाळ, पन्हं आणि भिजवलेले हरभरे देतात. ह्या समारंभाचं कौतुक करताना विधवांना त्यात जागा नव्हती, हेही सांगायलाच हवं. काही घरांनी आता ही रीत मोडली, ते फार चांगलं झालं.

दुसरी बैठक शेतातली आणि ओट्यावरची, तिला निमंत्रण लागत नाही. मराठवाड्यात सालगड्याचं वर्ष पाडव्याला बदलतं. ऊसतोडीला गेलेली बीडची माणसं हंगाम संपवून साधारण ह्याच सुमारास गावी परततात, आणि मग लग्नं, जत्रा, पाहुणे सुरू होतात. दिवाळीपासून ओस पडलेली घरं भरतात. ह्या गर्दीला पुरेल असं, चूल न पेटवता होणारं काय? तर कैरी.

इथला खास प्रकार म्हणजे तक्कू. कैरी सालासकट किंवा साल काढून किसायची, त्यात बारीक चिरलेला कांदा, लाल तिखट, मीठ आणि चिरलेला गूळ घालायचा. फोडणी करडईच्या किंवा शेंगदाण्याच्या तेलाची: मोहरी तडतडली की मेथीचे चार दाणे, हिंग, हळद. फोडणी जरा निवली की कालवून झाकून ठेवायचं. अर्ध्या तासात गूळ विरघळतो, किसाला पाणी सुटतं आणि कडेने लालसर रस जमतो. तो रस ज्वारीच्या भाकरीवर ओतून घेण्यासाठी पोरांत भांडणं होतात. घाई करून लगेच वाढला तर गूळ दाताखाली येतो आणि आंबटपणा वेगळा पडतो. त्यामुळे तक्कू आधी करून ठेवणारी सुगरण शहाणी. आंब्याच्या डाळीत भिजवून भरड वाटलेली हरभऱ्याची डाळ आणि ओलं खोबरं पडतं. नारळ ही मराठवाड्यात विकतची वस्तू, तर गूळ, शेंगदाणा, करडई ही घरची. दोन्ही पदार्थ चांगले, पण ह्या मातीचा म्हणावा तो तक्कूच.

शिवाय 17 सप्टेंबर 1948 पर्यंत हा मुलूख हैदराबाद संस्थानात होता. मराठी, तेलुगू आणि कानडी घरं एका राज्यात नांदली, सोयरिकी झाल्या. उगादीला तेलंगणात कैरी, चिंच, गूळ, तिखट आणि कडुलिंबाचा मोहर एकत्र करून पचडी होते. सीमेलगतच्या बऱ्याच मराठी घरांतही पाडव्याला ह्याच वळणाचं पेय वाटतात.

आता प्रश्न कैरीचा. हे सगळे पदार्थ उभे राहिले ते गावरान आंब्यावर. कोयीपासून वाढलेलं प्रत्येक झाड वेगळं, म्हणून प्रत्येकाला नाव: शेप्या, खोबऱ्या, शेंदऱ्या, गोटी. कोणाची कैरी लोणच्याला, कोणाची तक्कूला, हे घरातल्या बायांना ठाऊक असायचं. अनेक घरांत अक्षय्य तृतीयेला पितरांना दाखवल्याशिवाय आमरस खात नाहीत, पण कैरीला ती आडकाठी नाही. वावटळीत पडलेली कैरी तर ज्याने उचलली त्याची, असाच गावाचा रिवाज.

नव्या बागा कलमी केशरच्या आहेत. ‘मराठवाडा केशर’ला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं, शेतकऱ्याच्या हाती त्याचे पैसे येतात, आणि ते यायलाच हवेत. पण पिकल्यावर भाव मिळणारं फळ कच्चं असताना कोण तोडणार? जुन्या आमराया दुष्काळांनी आणि लाकडाच्या मागणीने विरळ झाल्या. त्यामुळे बसस्टँडसमोरच्या गाड्यावर तिखट-मीठ लावलेल्या फोडी पुष्कळदा तोतापुरीच्या असतात. तिची फोड कुरकुरीत आणि देखणी, पण आंबटपणा बेताचा. तिचा तक्कू करायचा तर गूळ निम्मा घालावा लागतो, वर लिंबूही पिळावं लागतं.