फडातला पाचवा महिना

पहिले तीन महिने ओकाऱ्यांचे, शेवटचे तीन जड पावलांचे आणि मधले तीन सुखाचे, असे घरातल्या जाणत्या बायका सांगतात. बहुतेकींना ते खरेही ठरते. पण अंगावरून रक्त जाणे, रक्तदाब वाढणे, बाळात व्यंग दिसणे हे याच मधल्या काळात समोर येऊ शकते.

१९५० च्या सुमारास प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभा राहिला. पुढे पश्चिम महाराष्ट्रात कारखाने वाढले, आणि दुष्काळी बीडमधली जोडपी दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीला जाऊ लागली. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. उचल आधीच घेतलेली. खाडा झाला की पैसे कापले जातात. तपासणीचा पाचवा महिना अनेकींना गावापासून लांब, फडातच गाठतो.

कायदाही आठवडे मोजतो. १९७१ च्या कायद्याने गर्भपाताला सर्वसाधारणपणे २० आठवड्यांची मर्यादा घातली. बाळाचे व्यंग तपासणारी सोनोग्राफी होते १८ ते २० आठवड्यांत. मग विचाराला वेळ कुठून? २००८ साली बाळाच्या हृदयातील दोषामुळे मुंबईचे एक दाम्पत्य उच्च न्यायालयात गेले. परवानगी मिळाली नाही. २०२१ च्या दुरुस्तीने काही स्त्रियांसाठी ही मर्यादा २४ आठवड्यांवर नेली. गंभीर व्यंग असेल तर त्यापुढेही वैद्यकीय मंडळाकडे जाता येते.

कायद्याने चार आठवडे दिले. ते फडातल्या बाईच्या हाती पडायचे, तर तपासणी तिच्या खोपीपर्यंत यायला हवी आणि त्या दिवसाचा खाडा कुणी धरू नये.