उसना उपग्रह आणि गावची शाळा

शिक्षकाच्या हातातील साधने काळाबरोबर बदलत आली आहेत. धूळपाटी गेली आणि दगडी पाटी आली. पाठांतराच्या जोडीला छापील पुस्तक आले. भिंतीवर फळा आला. यांपैकी प्रत्येक वस्तू एके काळी नवी होती, आणि तिच्या आगमनाने गुरूचे महत्त्व कमी होईल अशी भीतीही कोणा ना कोणाला वाटली असेलच. परंतु विसाव्या शतकात शाळेच्या दाराशी जी यंत्रे येऊन उभी राहिली, त्यांच्याविषयी जी आशा आणि जी भीती व्यक्त झाली, तिला तोड नाही. १९१३ मध्ये थॉमस एडिसन यांनी असे भाकीत केले की, चलच्चित्रामुळे शाळेतील पुस्तके लवकरच निरुपयोगी ठरतील. पुढे १९२४ मध्ये ब्रिटनमध्ये शाळांसाठी नभोवाणीचे पाठ सुरू झाले आणि त्यानंतरच्या दशकात भारतातील आकाशवाणी केंद्रांनीही तो मार्ग धरला. हे पाठ अनेक ठिकाणी उत्तम होते. तथापि पुस्तक शाळेतून गेले नाही आणि शिक्षकही गेला नाही. असे का झाले याचे उत्तर शोधावयाचे झाल्यास भारतातच घडलेल्या एका प्रयोगाकडे वळावे लागते. तो प्रयोग एकच वर्ष चालला, परंतु त्याने दिलेला धडा अजून जुना झालेला नाही.

भारतात दूरदर्शनचा प्रारंभ १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत झाला आणि १९६१ मध्ये दिल्लीच्या शाळांसाठी नियमित पाठ दाखविले जाऊ लागले. हा लाभ मात्र राजधानीपुरताच होता. दूरदर्शनच्या लहरी साधारणपणे सरळ रेषेत जातात, त्यामुळे एका मनोऱ्याचा पल्ला मर्यादित राहतो. शहरामागून शहरात मनोरे उभारीत गेले, तर खेड्यांची पाळी सर्वांत शेवटी येणार, हे उघड होते. अहमदाबादचे शास्त्रज्ञ विक्रम साराभाई यांनी हा क्रम उलटा करण्याचे ठरविले. त्यांचा विचार असा की, पृथ्वीपासून सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर स्थिर भासणाऱ्या उपग्रहाला शहर आणि खेडे हा भेद ठाऊक नसतो. त्याच्या दृष्टीने राजधानी आणि आडवळणाचे गाव सारख्याच अंतरावर असतात. दूरदर्शन खेड्यात रुजेल काय, याची चाचणी म्हणून १९६७ मध्ये दिल्लीच्या आसपासच्या ८० गावांत शेतीविषयक कार्यक्रम दाखविण्यात आले. त्यानंतर १९६९ मध्ये भारताचा अणुऊर्जा विभाग आणि अमेरिकेची अंतराळसंस्था नासा यांच्यात एक करार झाला.

या कराराचे स्वरूप लक्षात घेण्याजोगे आहे. उपग्रह अमेरिकेचा आणि तो केवळ एक वर्षासाठी उसना मिळावयाचा होता. जमिनीवरचे जे काही, म्हणजे भूकेंद्र, कार्यक्रम, गावोगावचे संच, त्यांची देखभाल आणि परिणामांची पाहणी, ते सर्व भारताने करावयाचे होते. साराभाई यांना हा प्रयोग पाहावयास मिळाला नाही. डिसेंबर १९७१ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्यामागून सतीश धवन आणि यशपाल यांनी हे कार्य पुढे नेले, आणि प्रयोगाच्या व्यवस्थापनाची धुरा एकनाथ वसंत चिटणीस या मराठी शास्त्रज्ञाने सांभाळली. हाच तो ‘साइट’ या संक्षिप्त नावाने ओळखला गेलेला उपग्रहाधिष्ठित शैक्षणिक दूरदर्शनचा प्रयोग होय.

‘एटीएस–६’ नावाचा हा उपग्रह मे १९७४ मध्ये अवकाशात गेला. त्याच्या पाठीवर छत्रीसारखा उलगडणारा, सुमारे नऊ मीटर व्यासाचा जाळीदार आकाशक होता. वरचा आकाशक एवढा मोठा असल्यामुळे खालचा लहान चालत असे, आणि सारी खुबी यातच होती. गावातील शाळेच्या आवारात तारेच्या साध्या जाळीचा, सुमारे तीन मीटर व्यासाचा आकाशक उभा केला की अवकाशातून आलेला संदेश थेट संचात उतरे. मध्ये कोणत्याही मनोऱ्याची गरज पडत नसे. कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात त्या जातीच्या जाळीने अवकाशातील यंत्राशी संधान बांधावे, हे दृश्य त्या काळी अनेकांना नवलाचे वाटले. हे संच हैदराबादच्या इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशनमध्ये तयार झाले.

१ ऑगस्ट १९७५ रोजी प्रक्षेपणास आरंभ झाला. आंध्र प्रदेश, कर्नाटक, मध्य प्रदेश, राजस्थान, बिहार आणि ओरिसा या सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत हे संच बसविण्यात आले होते. गावे निवडताना मुद्दामच मागासलेले जिल्हे घेण्यात आले. कर्नाटकातील विजापूर, गुलबर्गा आणि रायचूर. आंध्रातील मेदक, महबूबनगर आणि कर्नूल. त्या वेळच्या मध्य प्रदेशातील रायपूर, बिलासपूर आणि दुर्ग हे त्यांपैकी काही होत. यांतील कित्येक गावांनी चित्रपटही क्वचितच पाहिला होता. काही ठिकाणी वीजही पोहोचली नव्हती आणि तेथे संच बॅटरीवर चालवावे लागले.

सकाळचा दीड तास शाळेतील मुलांचा असे. पाच ते बारा वर्षांच्या मुलांसाठी हिंदी, कन्नड, तेलुगू आणि ओडिया या चार भाषांत हा वेळ वाटून दिलेला होता. परिणामी एका भाषेच्या मुलांच्या वाट्याला पाव तासाहून थोडा अधिक वेळ येई. येथेच या प्रयोगापुढील पहिला कूटप्रश्न उभा राहिला. आकाश एक, पडदा एक, परंतु खाली बसलेल्या मुलांच्या भाषा अनेक. उपग्रहाला गावांमधील अंतर नाहीसे करता येत होते; भाषांमधील अंतर मात्र त्याच्या हाती नव्हते. मराठी ही त्या चार भाषांत नव्हती. शिवाय भाषा एक असली, तरी राजस्थानातील खेडे आणि बिहारमधील खेडे यांची बोली, पेहराव आणि पीकपाणी निराळे. पडद्यावरचे घर आपल्या घरासारखे दिसले तर मूल पुढे सरकून बसते आणि परके दिसले तर त्याचे लक्ष उडते, हे कार्यक्रम बनविणारांना पदोपदी ध्यानात घ्यावे लागले.

दुसरा प्रश्न संच चालू ठेवण्याचा. गावातील एका व्यक्तीकडे, बहुधा शाळामास्तरांकडेच, संचाची राखण सोपविलेली असे. संच उघडणे, आकाशकाची दिशा सांभाळणे, बिघाड झाल्यास कळविणे, मुलांना ओळीने बसविणे ही कामे त्याचीच. दूरच्या गावात बिघाड झाला की दुरुस्ती करणाऱ्या माणसाला कच्च्या रस्त्याने, पावसाळ्यात चिखल तुडवीत, तेथवर जावे लागे. संदेश आकाशातून निमिषार्धात उतरत असे. दुरुस्तीचा माणूस मात्र जमिनीवरूनच यावयाचा. अशी व्यवस्था अगोदर लावून ठेवली होती म्हणूनच वर्षभर प्रक्षेपण गावोगाव पोहोचत राहिले.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, आणि तिची चर्चा मात्र सर्वांत कमी होते. याच उपग्रहाचा उपयोग शाळांच्या सुट्टीच्या काळात शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी करण्यात आला. दूरदर्शन, नभोवाणी, छापील साहित्य आणि हातांनी करावयाचे प्रयोग यांची सांगड घालून प्राथमिक शाळांतील सुमारे ५०,००० शिक्षकांना विज्ञान कसे शिकवावे याचे धडे देण्यात आले. यंत्र शिक्षकाची जागा घेण्यासाठी आलेले नाही, शिक्षकाचे बळ वाढविण्यासाठी आलेले आहे, ही जाणीव आखणीत प्रथमपासून होती. पाठ संपला आणि पडदा मावळला की मुलांच्या शंका मास्तरांकडेच येत. ज्या मास्तरांनी पाठाआधी दोन शब्द सांगितले आणि पाठानंतर दोन प्रश्न विचारले, त्यांच्या वर्गात ते चित्र टिकून राही. जेथे संच उघडून देण्यापलीकडे काही घडले नाही, तेथे ती करमणूक होऊन विरून जाई.

प्रयोगाचे परिणाम तपासण्याचे कामही निष्ठेने झाले. काही गावांत मानववंशशास्त्राचे अभ्यासक जाऊन राहिले आणि मुलांच्या चाचण्या घेण्यात आल्या. निष्कर्ष प्रामाणिक होते. मुलांची भाषा सुधारली, नवे काही जाणून घेण्याची ओढ वाढली. परंतु शालेय विषयांतील गुणांत म्हणण्यासारखा फरक दिसला नाही. ज्यांना चमत्काराची अपेक्षा होती ते यामुळे निराश झाले असतील. वास्तविक पाहता, दिवसाकाठी पाव तासाच्या चित्रांनी जिज्ञासा जागी केली, हेच थोडे नव्हते. जागी झालेली जिज्ञासा अभ्यासाला जुंपणे हे पुढचे काम होते, आणि त्यासाठी अवधी हवा होता.

नेमका तोच मिळाला नाही. ३१ जुलै १९७६ रोजी कराराची मुदत संपली आणि उसना उपग्रह परत गेला. ज्या शाळेत वर्षभर सकाळी मुले पडद्यासमोर बसत होती, तेथील जाळीचा आकाशक आता रित्या आकाशाकडे तोंड करून उभा राहिला. १९७७ पासून गुलबर्गा, रायपूर यांसारख्या ठिकाणी जमिनीवरील प्रक्षेपण केंद्रे उभी राहिली आणि काही गावांना पुन्हा दूरदर्शन मिळाले. उरलेल्या गावांना मात्र दीर्घकाळ वाट पाहावी लागली. जे मूल १९७५ मध्ये दुसऱ्या इयत्तेत होते, ते भारताचा ‘इन्सॅट–१बी’ हा उपग्रह १९८३ मध्ये अवकाशात जाईपर्यंत प्राथमिक शाळा सोडून मोठे झाले होते. राष्ट्राच्या दृष्टीने सात वर्षे थोडी असतील. मुलाच्या दृष्टीने ते सारे बालपण होय.

तथापि तो धडा वाया गेला नाही. साधन आपले असले पाहिजे, ही खूणगाठ पक्की झाली. १९८४ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाचे उच्च शिक्षणाचे पाठ भारताच्या मालकीच्या उपग्रहाद्वारे सुरू झाले, आणि २० सप्टेंबर २००४ रोजी केवळ शिक्षणासाठी वाहिलेला ‘एज्युसॅट’ श्रीहरिकोट्याहून निघाला. त्याच्या आरंभीच्या चाचणीत ज्या संस्थांनी भाग घेतला, त्यांत बेळगावचे विश्वेश्वरय्या तंत्रविद्यापीठ आणि नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ यांचा समावेश होता. पुढे आंतरजाल आले, भ्रमणध्वनी आले, आणि २०१७ मध्ये शालेय पाठांचा ‘दीक्षा’ हा राष्ट्रीय संग्रह खुला झाला. १९७५ चा पाठ ठरल्या वेळी एकदाच दिसे. आता तो मुलाला हवा तेव्हा आणि हवा तितक्या वेळा पाहता येऊ लागला. ही प्रगती मोठी आहे यात शंका नाही.

परंतु २०२० मध्ये महामारीमुळे शाळांना कुलूप लागले, तेव्हा जुनेच प्रश्न नव्या वेषात समोर आले. गोव्याच्या सांगे तालुक्यातील मुले भ्रमणध्वनीला संपर्क मिळावा म्हणून डोंगरमाथ्यावर जाऊन बसत. घरात यंत्र एक आणि शिकणारी भावंडे तीन, हा प्रसंग तर गावोगावचा. आकाशातून पाठ वर्षत असतानाही तो झेलण्याचे भांडे ज्याच्या घरी नव्हते, ते मूल कोरडेच राहिले.

त्याच वर्षी सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीचे प्राथमिक शिक्षक रणजितसिंह डिसले यांना जागतिक शिक्षक पारितोषिक मिळाले. त्यांच्या ज्या कार्याचा गौरव झाला, त्यात पाठ्यपुस्तकाच्या पानावर छापलेल्या, भ्रमणध्वनीने वाचता येणाऱ्या सांकेतिक चौकटींचा उल्लेख होता. त्याचबरोबर आणखी एका गोष्टीचा उल्लेख होता, आणि ती अधिक मोलाची आहे: मुलांच्या घरची भाषा कन्नड म्हणून या शिक्षकाने ती शिकून घेतली आणि पुस्तके त्या भाषेत नेली. यंत्राने पाठ मुलाच्या हातापर्यंत आणून ठेवला. हातापासून मनापर्यंतचे अंतर शिक्षकाने काटले.

सीमाभागात किंवा जुन्या संस्थानी शहरांत, जेथे घरची भाषा एक आणि शाळेची दुसरी असते, तेथे या अंतराची जाणीव अधिक तीव्र असते. साइटच्या एका वर्षाने हेच दाखवून दिले होते. वीज, दुरुस्ती, भाषा आणि शिक्षक या चार गोष्टी जमिनीवरच्या आहेत. त्या जेथे नसतील, तेथे आकाशातील कोणतेही साधन उसनेच ठरते आणि उसने गेले की शाळा पुन्हा होती तेथेच राहते. त्या जेथे असतील, तेथे तारेची साधी जाळीसुद्धा पुरेशी होते.