दुरुस्ती कुठे थांबवायची? : शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजाच्या निमित्ताने

वाकडमधल्या सोसायट्यांच्या कमानींखालून आपण रोज ये-जा करतो. एखादी कमान पाडून नवी बांधली, तर कोणाला फारसं काही वाटत नाही. मग शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजाची एक फळी बदलायची म्हटली, की आपण अस्वस्थ का होतो? आज या प्रश्नापाशी थोडं थांबू.

पहिल्या बाजीरावांनी १० जानेवारी १७३० रोजी वाड्याचा पाया घातला. २२ जानेवारी १७३२ ला वास्तुशांत झाली. तट-बुरूज पुरे झाले ते नानासाहेबांच्या काळात. १८२८ च्या आगीत आतले महाल जळाले. उरला तट, उरले पाच दरवाजे, जोती आणि कारंज्यांचे हौद. आता आत हिरवळ आहे. म्हणजे हत्तींना रोखण्यासाठी अणकुचीदार खिळे ठोकलेलं हे कवाड आज एका बागेची राखण करतं!

ग्रीकांनी एक कोडं घातलं होतं. थीसियसच्या जहाजाची कुजलेली फळी काढून नवी बसवायची, असं करत सगळ्याच बदलल्या. मग जहाज तेच का? आम्ही हे कोडं वर्गात वर्षानुवर्षं शिकवलं, पण त्याचं सगळ्यात उपयोगी उत्तर तत्त्वज्ञांनी नाही, वास्तू जपणाऱ्यांनी दिलं. १९६४ च्या व्हेनिस सनदेचा आशय असा : जिथे अंदाज सुरू होतो, तिथे जीर्णोद्धार थांबला पाहिजे, आणि नवा भाग मूळ भागाशी जुळावा, पण जवळून पाहता ओळखू यावा.

आता साधी गोष्ट घ्या. जुन्या चुन्याच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा केला, तर भिंतीतली ओल बाहेर पडू शकत नाही. ती आतच साचते, क्षार फुटतात आणि जुनी वीट भुसभुशीत होते. हेतू चांगला, पण भिंत गेली! दिल्ली दरवाजाच्या आत गणपती आणि शेषशायी विष्णूची पुसट चित्रं आहेत, बरं का. ती पुन्हा रंगवली तर ठसठशीत दिसतील. पण मग ती आपली चित्रं होतील, पेशवाईची राहणार नाहीत.

तेव्हा दुरुस्ती जरूर करावी. कुजलेली फळी बदलावी, चुन्याला चुनाच लावावा. पण पुसट झालेलं पुसटच ठेवण्याचं धैर्यही आपल्यात हवं. काळाने जे पुसलं, ते आपल्या मनाने भरून काढणं म्हणजे इतिहास नव्हे.